तुमचं बरोबर होतं, पण निरोप पोचला नाही

ताई, सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता टीव्ही कमी आणि इन्व्हर्टर, मिक्सर, मोटारीचे स्टार्टर जास्त येतात. इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेल्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. डिप्लोमाची पोरं, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले नोकरदार, काही निवृत्त शिक्षक आणि आमच्यासारखे दुकानदार. मागच्या पंधरवड्यात गडहिंग्लजकडच्या एका पोरानं फोटो टाकला. टाकी रिकामी झाली की मोटर चालू, भरली की बंद, असं सर्किट त्यानं स्वतः केलेलं. सप्लाय ट्रान्सफॉर्मरशिवाय, नुसत्या कंडेन्सरवर. आणि त्याच सर्किटच्या तारा टाकीच्या पाण्यात सोडलेल्या. "कसं झालंय सांगा" म्हणाला. मी लिहिलं:

"सोल्डरिंग केलंयस का शेण थापलंयस? वायरी बघ, कावळ्याचं घरटं झालंय. तुझ्या मास्तरांना लाज वाटंल हे बघून. रिलेला डायोड कुठाय? आणि असला सप्लाय लावून तारा पाण्यात सोडतंय व्हय कोण, घरादाराचा जीव घेशील. आधी शिकून ये, मग फोटो टाक."

त्याखाली हसण्याच्या इमोजींची रांग लागली. पोरानं एवढंच लिहिलं, "दोन महिने चालू आहे सर, काही झालं नाही." आणि रात्री ग्रुप सोडून गेला. आता अ‍ॅडमिन मला म्हणतो, जरा गोड बोलत जा. मला सांगा, जीव जाईल अशा सर्किटला गोड काय बोलायचं? आम्ही उद्यमनगरात शिकलो तेव्हा उस्ताद हातातला पाना फेकून मारायचे. म्हणून तर हात बसला. मी कुणाचं वाईट चिंतणारा माणूस नाही. 2019 च्या महापुरानंतर लोकांचे भिजलेले टीव्ही आणि मोटारी मी मजुरी न घेता वाळवून दिल्यात. पण चूक दिसली तर बोलायचंच नाही का? सगळ्याला "लई भारी भावा" म्हणून अंगठा दाखवायचा का? फोटो आणि संदेश सोबत पाठवतोय. तुम्हीच बघून सांगा.

— लक्ष्मीपुरीतला एक रिपेअरवाला

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला एक निरोप पाठवला होता. तोच वाचकांसाठी इथे पुन्हा लिहिते. अ‍ॅडमिनकडून त्या मुलाचा नंबर घ्या आणि त्याला फोन करा. मेसेज नको, फोन. एवढंच सांगा: "बाळा, टाकीच्या सर्किटचा प्लग काढून ठेव. का ते सावकाश सांगतो." माफी, खुलासा, कोण बरोबर कोण चूक, हे सगळं त्यानंतर. ते सर्किट आजही त्या घराच्या गच्चीवर चालू असेल, आणि त्यात धोका आहे हे ज्यांना कळतं त्यांच्यापैकी कुणीच आता त्या मुलाच्या संपर्कात नाही. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट हीच.

फोटो मी नीट पाहिला. धोक्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ज्यांना हे सर्किट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण असे सप्लाय आपल्याकडे घरोघरी आहेत. स्वस्तातल्या एलईडी बल्बमध्ये, रात्रीच्या दिव्यात, डास मारायच्या बॅटमध्ये. मेनच्या एका तारेत 474 नंबरचा, म्हणजे 0.47 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावतात. 50 हर्ट्झला तो साधारण 6,800 ओहमचा अडथळा होतो, त्यामुळे 230 व्होल्टवर त्यातून सुमारे 34 मिलिअँपिअर जातात. पुढे एसीचं डीसी करणारा ब्रिज आणि व्होल्टेज 12 वर धरणारा झेनर लावला की छोटा रिले, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, ओढण्यापुरता सप्लाय तयार. खर्च कमी, जागा कमी. बंद डबीत, कुणाचा हात लागणार नाही अशा ठिकाणी तो चालतो. पण त्यात मेन आणि सर्किट यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरसारखी फारकत नसते. मीटर 12 व्होल्ट दाखवतो ते त्या दोन तारांमधले. त्याच तारा जमिनीच्या तुलनेत किती व्होल्टवर आहेत, ते प्लग कसा घातलाय यावर ठरतं.

मुलाचं "दोन महिने चालू आहे सर" हे वाक्य ग्रुपमधल्या लोकांना उद्धटपणाचं वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. त्यानं जे पाहिलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. फोटोत दोन पिनांचा प्लग आहे. तो एका बाजूनं घातला तर टाकीतली तार न्यूट्रलच्या आसपास राहते आणि पाण्यात हात घातला तरी काही जाणवत नाही. कुणीतरी झाडलोट करताना प्लग काढून उलटा घातला, की तीच तार फेजवर जाते आणि मध्ये उरतो फक्त एखादा डायोड. कंडेन्सर तेव्हा न्यूट्रलच्या बाजूला राहतो, माणसाच्या अंगातून जाणाऱ्या करंटला तो अडवत नाही. जुलैच्या पावसात ओल्या गच्चीवर अनवाणी उभं राहून कुणी टाकीत हात घातला आणि अंगाचा रोध हजार ओहमवर आला असं धरलं, तर 230 मिलिअँपिअर जातील. करंटची गळती झाली की वीज तोडणारी आरसीसीबी 30 मिलिअँपिअरला पडावी म्हणून बनवलेली असते, आणि जुन्या घरांत ती असतेच असं नाही. म्हणजे दोन महिने काही झालं नाही, कारण प्लग दोन महिने सरळ होता. हे त्या मुलाला कुणी समजावून सांगितलं? तुम्ही सांगितलं नाहीत. "घरादाराचा जीव घेशील" एवढंच म्हणालात. कसा, ते राहिलं.

आता तुमचा संदेश पुन्हा वाचा. पहिलं वाक्य सोल्डरिंगवर. दुसरं वायरींवर. तिसरं त्याच्या शिक्षकांवर. चौथं रिलेच्या डायोडवर. ज्या गोष्टीसाठी तुम्हाला मनापासून काळजी वाटत होती, ती पाचव्या वाक्यात आली, आणि तिथं पोचेपर्यंत पोराचा चेहरा उतरलेला होता आणि बाकीचे हसायला लागले होते. हसणाऱ्यांनीही पाचवं वाक्य वाचलं असेल असं मला वाटत नाही. वाचलं असतं तर जिवाच्या धोक्यावर इतक्या जणांनी दात काढले नसते. तुम्ही शेण आणि कावळ्याचं घरटं लिहिलंत, त्यांना वाटलं गंमत चाललीय. टाकीच्या पाण्यात फेज येऊ शकतो ही बातमी त्या गमतीत बुडाली.

म्हणून आदरानं बोलण्याबद्दल माझं म्हणणं अ‍ॅडमिनपेक्षा वेगळं आहे. ते म्हणतात गोड बोला. मी म्हणते, पोचेल असं बोला. टीका केली की नाही हे ग्रुपवर काय लिहिलं यावरून ठरवू नका, गडहिंग्लजच्या त्या गच्चीवर काय बदललं यावरून ठरवा. तिथं काहीच बदललं नाही. उलट, पुढच्या वेळी त्याला शंका आली तर विचारायला जागा उरली नाही.

उस्तादांचं तुम्ही लिहिलंत, ते मी हलक्यात घेत नाही. उद्यमनगरच्या कारखान्यांत आणि दुकानांत माणसं अशीच घडली आहेत, आणि त्यातल्या कित्येकांच्या हाताला तोड नाही. पण तुमच्या उस्तादांनी पाना फेकला तेव्हा ते तुमच्या समोर उभे होते. जॉब त्यांच्या डोळ्यांपुढे होता. तुम्ही काय चुकवलं ते त्यांनी पुढच्या पाच मिनिटांत स्वतः करून दाखवलं असणार. संध्याकाळी एकाच टेबलावर चहा झाला असणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडंच होतं. त्या रागाच्या मागेपुढे एवढं सगळं होतं. ग्रुपवर यातलं काय आहे? फोन खिशात टाकला की तुम्ही मोकळे, आणि तो पोरगा रात्रभर त्या इमोजी मोजत बसलेला. समोरासमोर आपलं रांगडं बोलणं चालून जातं, कारण बोलणाऱ्याचे डोळे दिसतात, आवाज ऐकू येतो. अक्षरांत तो आवाज उतरत नाही. आणि आणखी एक विचार करा. पाना खाऊन जे टिकले ते आज "म्हणून तर शिकलो" म्हणतात. पाना खाऊन जे दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत, त्यांची गोष्ट कोण सांगणार? त्यातल्या कुणाचा हात तुमच्यापेक्षाही चांगला असता, हे आता कळायला मार्ग नाही.

महापुरानंतरच्या कामाचं तुम्ही स्वतःहून लिहिलंत, ते बरं झालं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी ओलांडून खूप वर गेलं होतं. आधी सूचना नव्हती असं नाही. तरी ज्यांचे टीव्ही खालच्या मजल्यावर भिजले, ते घेऊन माणसं तुमच्या दुकानात आली तेव्हा "वर न्यायला काय झालं होतं, एवढी अक्कल नाही का" असं तुम्ही कुणाला विचारलंत? नाही विचारलं. मागचं पॅनेल काढलंत, चिखल धुतलात, बोर्ड वाळवलात आणि "पूर्ण सुकल्याशिवाय सप्लाय देऊ नका" असं सांगितलंत. आधी धोका, मग उपाय, आणि माणसाच्या अकलेवर एक शब्द नाही. हे तुम्हाला येतं. ग्रुपवर ते का सुटलं, याचा विचार तुम्ही करा. मला वाटतं, तिथं बघणारे खूप होते म्हणून सुटलं. बघणारे असले की लिहिणाऱ्याचं अर्धं लक्ष त्यांच्याकडे जातं.

तुम्ही विचारलंय, मग लिहायचं कसं. त्या फोटोखाली मी असं लिहिलं असतं:

"फोटो बघितला. आधी महत्त्वाचं. मला यात ट्रान्सफॉर्मर दिसत नाही. सप्लाय नुसत्या कंडेन्सरवर असेल तर टाकीतल्या तारा मेनशी जोडलेल्या आहेत, आणि प्लग उलटा बसला की पाण्यात फेज येईल. आत्ता प्लग काढून ठेव, घरच्यांनाही सांग. फोटोच्या बाहेर ट्रान्सफॉर्मर असेल तर तसं कळव, मग माझी शंका मिटली. नसेल तर 12 व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर लावून ब्रिज, फिल्टर केलेला सप्लाय दे. बाकीचं सर्किट तसंच राहू दे. वर-खाली दोन तारा घेऊन मोटर सारखी चालू-बंद होऊ नये ही काळजी घेतलीस, ते चांगलं जमलंय. रिलेबद्दल दोन गोष्टी आहेत, त्या आधी हे झालं की बोलू."

यात कुठंही साखर पेरलेली नाही. प्लग काढ, हे सरळ सांगितलंय. पण "ट्रान्सफॉर्मर लावलाच नाहीस" असं न म्हणता "मला दिसत नाही" म्हटलंय, कारण खरं तेवढंच आहे. फोटोत बोर्डाची एकच बाजू दिसते. खालचे ट्रॅक दिसत नाहीत, टेबलाखाली काय ठेवलंय ते दिसत नाही. मी अनेक वर्षं पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत मुलांची सर्किटं तपासली आहेत. वरून चुकीचं वाटणारं कनेक्शन बोर्ड उलटा केल्यावर बरोबर निघालेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय. फोटोवरून बोलताना स्वतःच्या नजरेची मर्यादा लिहून टाकली, की समोरच्याला उत्तर देता येतं. नाही तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, भांडायचं किंवा निघून जायचं.

आणि कौतुकाचं म्हणाल तर ते खोटं नको. "लई भारी भावा" तुम्हाला आवडत नाही, मलाही नाही. डिप्लोमाच्या पोरांना तोंडदेखलं कौतुक लगेच कळतं, आणि त्यानंतरची टीकाही ते त्याच मापानं घेतात. पण त्या सर्किटात एक गोष्ट खरोखर चांगली होती आणि ती तुमच्या नजरेतून सुटली नसणार. खालची तार उघडी पडली की मोटर चालू, वरच्या तारेला पाणी लागलं की बंद, आणि मधल्या पट्ट्यात रिले आहे तसा धरून ठेवायचा. पाण्याच्या लाटेनं रिले कटकट वाजत राहू नये म्हणून एवढा विचार त्यानं केलाय. पहिल्या वर्षाच्या मुलानं हे स्वतः जुळवलं असेल तर त्याला डोकं आहे. तुमच्यासारख्या जाणत्यानं नेमकी ती जागा ओळखून दाखवली असती, तर पुढची धोक्याची सूचना त्यानं जास्त गंभीरपणे घेतली असती. ज्याला माझं चांगलं काम दिसलं, त्यालाच माझी चूकही नीट दिसली असणार, असं माणूस धरून चालतो.

रिलेबद्दल मी "नंतर" का म्हटलं? त्यातही चुका आहेत, तुम्ही म्हणता तो डायोड खरंच नाही. कॉइल सुटताना उलटा झटका बसून रिले ओढणारा ट्रान्झिस्टर, बीसी 547, मरेल. शिवाय तो रिले 10 अँपिअरचा आहे आणि मोटर एक हॉर्सपॉवरची म्हणतोय. चालू असताना ती सहा-सात अँपिअर घेत असेल, पण सुरू होताना पाच-सहा पट ओढते. आज ना उद्या कॉन्टॅक्ट चिकटतील आणि टाकी भरली तरी मोटर थांबणार नाही. तिथं कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा करंट झेलणारा स्विच पाहिजे. याने पैशाचं नुकसान होईल, पाणी वाया जाईल. सोल्डरिंग ओबडधोबड आहे, त्यानं काही महिन्यांनी एखादा सांधा सुटेल. टाकीतल्या तारा डीसीमुळे काळ्या पडून झिजतील. हे सगळं सांगण्यासारखं आहे, पण एकाच श्वासात नाही. पाच चुका एकदम ऐकल्या की शिकाऊ माणूस सगळ्यात सोपी आधी दुरुस्त करतो. वायरी टाय लावून बांधेल, सांधे चकचकीत करेल आणि नवा फोटो टाकेल. सप्लाय तसाच. जीवाची गोष्ट एकटी सांगावी, ती झाल्याची खात्री करावी, मग पुढची काढावी.

आकडे आणि कारण देण्याचा आग्रह मी धरते त्याला वेगळं कारण आहे. "मी तीस वर्षं हेच करतोय, मला सांगू नको" असं म्हटलं की वाद तुमच्या वयाचा होतो. बीसी 547 चा डेटाशीट कलेक्टर करंट 100 मिलिअँपिअर सांगतो, असं म्हटलं की वाद ट्रान्झिस्टरचा राहतो, आणि तो डेटाशीट पोराच्या फोनवरही उघडतो. याहून चांगलं म्हणजे त्याला स्वतःला तपासता येईल असं काही हातात द्यावं. या सप्लायसाठी तर बिनधोक चाचणी आहे. प्लग बोर्डातून काढायचा, पिनांना हात न लावता थोडा वेळ थांबायचं, तारा टाकीतून बाहेर घ्यायच्या. मल्टिमीटर डायोडवर ठेवायचा. लाल प्रोब प्लगच्या एका पिनेला आणि काळा प्रोब टाकीत कायम पाण्यात राहणाऱ्या कॉमन तारेला. मग दुसऱ्या पिनेला लावून बघायचं, आणि प्रोबांची अदलाबदल करून दोन्ही पिनांना पुन्हा बघायचं. कंडेन्सरवरच्या सप्लायमध्ये एका पिनेला 0.5 ते 0.7 च्या आसपास आकडा येईल, म्हणजे मेन आणि पाणी यांच्यामध्ये फक्त डायोड आहे. ट्रान्सफॉर्मरवरच्या सप्लायमध्ये दोन्ही पिनांना मीटर काहीच दाखवणार नाही. सगळं विजेशिवाय. तो आकडा त्याच्या मीटरवर त्यानं स्वतः पाहिला, की तुमच्यावर विश्वास ठेवायची गरजच पडत नाही. मोठ्या माणसाचं ऐकावं लागलं म्हणून त्यानं सर्किट बदललं असंही होत नाही.

खासगीत सांगायचं की सर्वांसमोर, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण अ‍ॅडमिनच्या मनात तो आहे असं वाटतं. सोल्डरिंग, वायरिंग, मांडणी, हे त्याच्या एकट्याच्या नंबरवर लिहा. धोका मात्र सर्वांसमोरच लिहायला हवा. तो फोटो आतापर्यंत कितीतरी जणांनी साठवून ठेवला असेल. पाणी ठरावीक वेळी येतं, टाकी भरून वाहते, अशी घरं आपल्याकडे थोडी आहेत का? कुणीतरी हेच सर्किट कागल नाही तर पन्हाळ्याच्या घरात जोडायला घेतलं असेल. त्याला कळलं पाहिजे. आणि जे नुसते वाचतात, कधी काही टाकत नाहीत, त्यांचाही विचार करा. दुसऱ्या वर्षाची एखादी मुलगी, जिनं इन्व्हर्टरचं कार्ड स्वतः दुरुस्त केलंय आणि फोटो टाकावा की नाही या विचारात आहे, तिनंही तुमचा संदेश वाचलाय. तिच्या कार्डात काही धोकादायक असेल तर ते आता कुणालाच दिसणार नाही.

अ‍ॅडमिनबद्दलही थोडं बोलते. तुम्हाला "गोड बोला" सांगून त्यांची जबाबदारी संपत नाही. हसण्याच्या रांगेला त्यांनी तिथंच अटकाव करायला हवा होता. एका अनुभवी माणसाचा तिखट शब्द सोसता येतो. त्यानंतर ज्यांना त्या सर्किटातलं काही कळलंही नाही अशा लोकांचं हसणं सोसवत नाही. बहुतेक माणसं ग्रुप सोडतात ती त्या हसण्यामुळे. ग्रुपवर मेन किंवा लिथियमचे सेल असलेलं काम टाकताना सप्लाय कसला आहे, लोड किती आहे आणि हातानं काढलेली का होईना पण आकृती सोबत द्यावी, एवढा नियम केला तरी निम्मे वाद उद्भवणार नाहीत. टीका करणाऱ्याला अंदाजावर बोलावं लागणार नाही, आणि टाकणाऱ्याला आकृती काढता काढताच काही चुका दिसतील.

समजा, एवढं करूनही तो म्हणाला, "चाललंय की सर, राहू दे." असं होऊ शकतं. तेव्हा प्लग उलटा झाल्यावर काय होतं ते पुन्हा एकदा, शांतपणे, त्याच शब्दांत सांगा. मग घरातल्या मोठ्या माणसाशी बोलायची परवानगी मागा. वीज आणि पाणी एकत्र आलं तिथं समोरच्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसणं मला मान्य नाही. या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे, अ‍ॅडमिनच्या नाही. मायक्रोकंट्रोलरच्या पिनेवर एलईडीला रोधक लावला नाही म्हणून कुणाच्या घरी रडारड होत नाही. तिथं एकदा सांगून सोडून देता येतं. इथं नाही.

माफीचं बोलू. शब्द सर्वांसमोर गेले होते, म्हणून माफीही ग्रुपवरच हवी, मुलगा तिथं नसला तरी. लांबवू नका, स्वतःची बाजू मांडू नका, उस्तादांची गोष्ट त्यात आणू नका. साधारण असं लिहा: "टाकीच्या सर्किटच्या फोटोवर मी जे बोललो, त्यातला सप्लायचा धोका खरा आहे. तो पुन्हा नीट लिहितोय, सगळ्यांनी वाचा. बाकी सोल्डरिंगवरून, मास्तरांवरून जे बोललो ते बोलायला नको होतं. त्या मुलाची माफी मागतो." याच्याखाली धोका कसा येतो ते आणि मीटरची चाचणी लिहून टाका. धोक्याचा भाग मागे घेऊ नका, नाही तर लोकांना वाटेल तोही रागाच्या भरात बोललेला होता.

मुलाशी बोलताना ग्रुपवर परत ये असा आग्रह करू नका. यायचं तेव्हा तो येईल, नाही आला तरी चालेल. त्याचं सर्किट महत्त्वाचं. पुढच्या वेळी कोल्हापूरला आलास की बोर्ड घेऊन दुकानात ये, एवढं म्हणा. तुमच्या दुकानात जुन्या स्टॅबिलायझरमधून, टेपरेकॉर्डरमधून काढलेले छोटे ट्रान्सफॉर्मर पडलेले असणारच. त्यातला 12 व्होल्ट, 500 मिलिअँपिअरचा एक चांगला बघून ठेवा, वाइंडिंग आणि इन्शुलेशन आधी तपासा. तो यायच्या आधी त्याला सप्लाय बदलायचाच असेल तर घरातला जुन्या राउटरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर चालेल. बीआयएसची खूण असलेला घे, रस्त्यावरचा बिननावाचा नको, हे मात्र बजावून सांगा.

आला की बोर्ड त्याच्याच हातात ठेवा. जुना सप्लाय त्याला काढू द्या, नवा त्यालाच जोडू द्या, आणि मीटरची चाचणी आधी एकदा आणि नंतर एकदा त्यालाच करू द्या. मग डायोडचं बोला, कॉन्टॅक्टरचं बोला. सोल्डरिंगचं तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही. तुमचा हात शेजारी चालताना बघेल आणि बिट किती तापवायचं, फ्लक्स किती घ्यायचा, ते स्वतःच विचारेल. काय झालं ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई